वेशीवरच्या बागेचं टक्कल

सान इल्देफोन्सो गावात गुप्तहेर एकच, आणि तो मी, सिंदुल्फो ओरुए. नजर तीक्ष्ण, मेंदू तल्लख, आणि विनयात तर माझा हात धरणारा अख्ख्या पाराग्वायमध्ये सापडायचा नाही. आजवर एकही गुन्हेगार माझ्या हातून निसटलेला नाही. सापडलेलाही नाही, असं माझी बायको निमिया म्हणते, पण तिला धंद्यातलं काय कळतंय!

गुरुवारी सकाळी लिझबाई आल्या त्या रडकुंडीला येऊनच. आमच्या गावाच्या वेशीचं सगळं डिझाइन या राजधानीतल्या बाईंचं. लाल विटांची कमान, कौलारू बसथांबा, सावलीत बाकडी, गार पाण्याचा नळ आणि दोन्ही अंगांना सुवासिक झुडपांची बाग.

"सिंदुल्फोकाका, बागेला टक्कल पडतंय हो! आज झुडूप बघावं, तर उद्या नुसत्या काड्या. शनिवारच्या सभेपर्यंत चोर सापडला नाही तर नगराध्यक्ष बाग उखडून तिथं सिमेंटचं कलिंगड बसवणार, आणि मला नारळ देणार."

"केवढं कलिंगड?"

"दुमजली."

माझ्या अंगावर काटा आला. "निमिया, तेरेरे आण!" मी गरजलो. त्या गार पेयाशिवाय माझा मेंदू सुरूच होत नाही. लिझबाई मात्र घोटभरही न घेता निघून गेल्या. निमियानं खलबत्त्यात पाला ठेचला, बर्फाच्या पाण्यात टाकला, आणि शिंगाच्या पेल्यातली नळी माझ्या तोंडात खुपसली.

"अहो, त्या बागेचं म्हणाल तर..." ती म्हणाली.

"गप! विचारांची तंद्री लागलीय."

वेशीवर गेलो. बाकड्यांवर निम्मं गाव खलबत्त्यांत पाला कुटत तेरेरे पीत बसलं होतं. इतके साक्षीदार, पण चोर कुणीच पाहिलेला नाही! प्रत्येकानं मला आग्रहानं पेला पुढं केला. साक्षीदाराचं मन मोडू नये म्हणून मी प्रत्येकाचा प्यायलो.

पहिला संशय वाळवीवर. पण वाळवी कोवळे शेंडे तेवढे निवडून खुडत नाही. मग पलीकडच्या गावावर. त्यांच्या वेशीवर साधी पाटीसुद्धा नाही, जळत असणार मेले! शेवटी शनिवारी वेशीपाशी एक गाय दिसली. मी पुढं झालो तशी तिनं तोंड फिरवलं. अपराधी मन, दुसरं काय! दावं धरून तिला थेट सभेत नेलं.

"हीच ती!" मी म्हणालो.

"ही माझी गाय आहे," नगराध्यक्ष थंडपणे म्हणाले. "आणि ती कालच सासुरवाडीहून आणलीय."

सभेत हशा पिकला. लिझबाईंचा चेहरा पडला. नगराध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढं ओढला. रीतीप्रमाणे निमिया सगळ्यांना एकाच पेल्यानं तेरेरे पाजत होती. पेला लिझबाईंकडं आला. त्यांनी एक घोट घेतला आणि त्या थबकल्या.

"निमियाताई, हा पाला कुठला?"

"वेशीवरचा. रोज सकाळी खुडून आणते. ताजा, फुकट, शेजारी गार पाणी, बसायला बाकडं. एवढी सोय कोण करून देतं हो? सगळेच नेतात. यांना चारदा सांगायला गेले, पण यांची तंद्री!"

लिझबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आम्ही तिकडं पाला बाजारातनं आणतो. दारची झुडपं वासापुरती, असंच मी धरून चालले!"

सगळे आपापल्या पायांकडं बघत होते. नळी तेवढ्यात नगराध्यक्षांच्या तोंडात गेली होती.

"साहेब, तुमच्या घरीसुद्धा तिथलाच जातो," निमिया म्हणाली. "पोट साफ होतं म्हणून वहिनी रोज मूठभर नेतात. कलिंगड बसवा खुशाल. पण सिमेंट काही पोटाला बरं पडायचं नाही."

नगराध्यक्षांनी आधी नळीकडं बघितलं, मग पोटाकडं, आणि मुकाट्यानं ठरावाचा कागद फाडला. लिझबाई हसता हसता रडल्या. डोळे पुसून त्यांनी तिथंच नकाशावर आणखी दोन वाफे काढले, लोकांनी खुडायचे म्हणून.

"आणि पाणी कोण घालणार?" कुणीतरी विचारलं.

"सगळ्यांत जास्त ज्यानं ढोसलंय तो," निमिया म्हणाली. सगळी सभा माझ्याकडं वळली. गायसुद्धा.

तेव्हापासून रोज सकाळी मी झारी घेऊन वेशीवर असतो. लोकांना वाटतं, म्हातारा झाडांना पाणी घालतोय. घालतो, पण ते वेषांतर आहे. मी पाळतीवर असतो.