नानांचं कोपर

आमच्या शेजारचे नाना पाण्यात हात घालत नाहीत, कोपर घालतात. बादली कुणाचीही असो, डावी बाही वर जाते, कोपर बुडतं, डोळे मिटतात आणि निकाल लागतो, "बराबर न्हाई." मागे जांब समर्थला गेलो होतो, तर भक्तनिवासात एका अनोळखी माणसाच्या बादलीतही कोपर घातलं. तो बिचारा टॉवेल गुंडाळून उभा. नाना म्हणाले, "राहू द्या आज. पाठ धरंल."

नानांची नोकरी नवीन जालन्यात बियाण्याच्या गोदामात झाली. गिझरशी त्यांचा संबंध माझ्याइतकाच, बटण दाबण्यापुरता. फरक एवढाच, की मला ते ठाऊक आहे. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा ते एकटेच होते. काकू त्याआधी गेल्या, इतकंच ऐकलेलं.

या हिवाळ्यात आमची स्नेहल बाळंतपणाला आली आणि गिझरनं सोंगं सुरू केली. धड बिघडला असता तर नवा आणला असता. पण एक दिवस चटका बसेल असं पाणी, तर दुसऱ्या दिवशी कोमट. मालिशवाल्या बाईंच्या पायांवर तेल लावलेलं बाळ, आणि नळाला गार पाणी! बाळ गल्ली डोक्यावर घ्यायचं. शेवटी स्नेहल म्हणाली, "बाबा, उद्या परत असं झालं तर मी सासरी जाते. तिथं निदान बंब आहे."

नाना न बोलावता आले. "क्षार," म्हणाले. जालन्यात हे निदान सहसा चुकत नाही. मेकॅनिकनं कॉइल काढून खरवडली. थर्मोस्टॅट बदलला. नाना रोज सकाळी यायचे, कोपर घालायचे, "बराबर न्हाई" म्हणायचे, चहा घ्यायचे. ऑफिस, गिझर आणि नाना, यांतलं एक तरी कमी कर, असं मी देवाला रोज सांगत होतो.

मग एकदा चहा देताना आमची ही म्हणाली, "नाना, एक सांगू? हे अंबडला गेले होते ना, तेव्हा पाणी मस्त कढत होतं. हे घरी असले की बिघडतं."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की क्षार तो मीच.

"राजाभाऊ, मंग आंघोळ करून दाखवा."

"नाना, काहीतरीच काय!"

"कपड्यावरच करा. पर बिलकुल रोजच्यासारखी."

केली. आमच्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून पाणी वाचवायची माझी एक युक्ती आहे. गरम-गार एकदा जुळलं की दोन्ही नळ तसेच उघडे ठेवायचे आणि हातफवाऱ्याचा खटका तेवढा बंद करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवत बसायला नको, पेलाभर पाणी वाया जायला नको. गावाला जाताना तेवढे मी नळ बंद करायचो, किंवा कुणी बाथरूम धुताना करायचं. या युक्तीचा मला अभिमान होता.

"अन् नळ?" नानांनी विचारलं.

"उघडेच. खटका बंद आहे ना!"

नानांनी गरम नळाच्या पाइपाला कोपर लावलं. पाइप गार! दोन्ही बाथरूमना गिझर एकच. गार पाणी माझ्या उघड्या नळांतून गरम पाइपात शिरत होतं आणि तिथून मागच्या बाथरूममध्ये, थेट बाळाच्या बादलीत.

"पाणी वाचवत होते म्हणे," हिनं दोन्ही नळ करकचून बंद केले.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या बादलीतून वाफा निघत होत्या. बाईंनी गार पाण्याचं विसण घातलं. नानांनी कोपर बुडवलं, डोळे मिटले.

"बराबर."

हा शब्द त्यांच्या तोंडून नुसता असा कधी ऐकलाच नव्हता.

बाई हसल्या. "नाना, कोपरानं पाणी बघणं आम्हा बायांचं काम. तुम्ही कुठं शिकले?"

नाना बाही खाली ओढत म्हणाले, "आमच्या मंडळींची एक बाजू गेल्ती ना. वाचाबी गेल्ती. मीच न्हाऊ घालायचो. एकदा पाणी लई कढत झालं, पाठ लाल झाल्यावर मला कळलं." बाळानं पाणी पडताच भोकाड पसरलं. त्याच्याकडे बघत नाना म्हणाले, "याला रडता तरी येतं."

मग ते दाराकडे वळले. "चला. झालं आता तुमचं. उद्यापासून माझं काय काम न्हाई."

स्नेहल म्हणाली, "असं कसं नाना? तुम्ही बराबर म्हटल्याशिवाय मी याला पाण्यात घालणार नाही. उद्या किती वाजता येता?"

नाना एका पायात चप्पल घालून थांबले.

"सातला," म्हणाले. "अन् राजाभाऊला माझ्या आधी आंघोळीला जाऊ देऊ नको."