छबुबाईची दोन टिपाडं

सकाळपासूनचा अकरावा तांब्या भरताना छबुबाईने टिपाडात वाकून पाहिलं. पाणी तळाला गेलं होतं. टँकर यायला अजून पाच दिवस होते आणि ओसरीवर लिंबागणेश गावाहून भेटायला आलेली चुलत नणंद गळा काढून बसली होती.

"आधी पिऊन रडली, आता रडून पिईल," छबुबाई नवऱ्याला म्हणाली. "म्हशीला काय पाजू?"

"हळू बोल. आजारी माणसानं चिडू न्हाई."

"मी आजारी न्हाई."

आश्रुबाने डोळे पुसले. पंधरा दिवस तो तिच्या प्रत्येक वाक्यावर डोळे पुसत होता.

सगळा घोळ एका कागदाने केला होता. महिला दूध संस्थेच्या बायकांसाठी चौसाळ्यात तपासणी शिबिर झालं. छबुबाई संस्थेची अध्यक्ष, म्हणून पहिली आत गेली. बाकीच्या बायका दारातूनच परतल्या. शेजारची भिवराबाई तर 'म्हैस सुटली' म्हणत रांगेतून पळाली. छबुबाईच्या छातीच्या फोटोत बारीक ठिपके दिसले आणि औरंगाबादला लहानसं ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. दुधाच्या नळीतल्या काही पेशी बिघडल्या होत्या, पण नळीबाहेर गेल्या नव्हत्या. टप्पा शून्य. बिघडलेला भाग काढला, तपासणीला मात्र येत राहायचं. छबुबाई निर्धास्त होऊन घरी आली.

आश्रुबाने फाइल संस्थेचा सचिव राधाकिशन याच्याकडून वाचून घेतली. राधाकिशनला बाकी काही कळलं नाही, 'कार्सिनोमा' म्हणजे कॅन्सर, तेवढं कळलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या सगळ्यांना ते कळलं.

छबुबाईने संकलन केंद्रावर उभं राहून खुलासा केला. "एका कॅनातलं दूध नासलं. टँकरात वतायच्या आधी सापडलं. कॅन बाजूला काढला. संपलं."

मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "नासलं म्हंजी नासलंच की, बाई."

दुसऱ्या दिवशी भेटायला दुप्पट माणसं आली.

सगळ्यात जास्त ताप भिवराबाईचा. ती रोज यायची, सगळे उठले तरी बसून राहायची आणि तीन तांबे पाणी प्यायची.

"दुखत हुतं का गं? हाताला गाठ लागत हुती?"

"न्हाई. फोटूतच दिसलं."

"कापताना लई तरास झाला का?"

हिचा डोळा अध्यक्षाच्या खुर्चीवर आहे, अशी छबुबाईची खात्री झाली.

फेरतपासणीला गेली तेव्हा तिने डॉक्टरबाईंपुढे फाइल आपटली.

"ह्याच्यातनं ते नाव काढा. पसरलं न्हाई म्हणता, शून्य म्हणता, मंग त्यो शब्द कावून लिहिता?"

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मावशी, आमच्यातही यावरून वाद आहे. काही डॉक्टर म्हणतात, याला कॅन्सर म्हणू नका, बायका उगीच खचतात. काही म्हणतात, तसं म्हटलं नाही तर त्या पुन्हा तपासायलाच येणार नाहीत."

"तुमचा वाद मिटंपर्यंत पाणी कुणी पुरवायचं?"

पाण्याचा संबंध डॉक्टरबाईंना कळला नाही, पण त्यांनी मराठीत चिठ्ठी लिहून दिली: 'नळीतल्या पेशींत बदल होता. बाहेर पसरलेला नाही. बदललेला भाग काढला आहे. बाई कामाला ठीक आहेत.'

राधाकिशनने ती केंद्रावर मोठ्याने वाचली, उलटून पाहिली आणि पुन्हा वाचली.

"पयल्या कागदात नाव हुतं, ह्याच्यात न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हंजी डॉक्टरनं लपवलं. लईच फुडं गेलं असंल."

दुसऱ्या दिवशी नारायणगडाकडची छबुबाईच्या माहेरची माणसं जीप करून आली. दुपारी पाहुणे गेले तेव्हा एक टिपाड उपडं पडलं होतं आणि दुसऱ्यात जेमतेम बादलीभर पाणी होतं. म्हैस दाव्याला हिसके देत होती. आणि भिवराबाई बसलेलीच होती.

छबुबाईचा संयम सुटला. "खुर्ची पायजे ना तुला? घे. शिक्का बी घे. पण आता ऊठ. मला म्हशीला पाजायचंय."

भिवराबाई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

"खुर्ची काय करू, छबू," ती म्हणाली. "मला हाताला लागतंय. दिवाळीपासनं."

छबुबाई तिच्याकडे वळली. "आन् शिबिरातनं कावून पळालीस मंग?"

"तिथं दारावर त्या नावाचा बोर्ड हुता."

म्हैस रेकली. छबुबाईने तिच्याकडे पाहिलं, मग तांब्या घेऊन टिपाडात कमरेपर्यंत वाकली आणि तो भरून भिवराबाईच्या हातात दिला.

"उद्या सकाळी दुधाच्या गाडीत बसू. चौसाळ्यावरनं औरंगाबादची एसटी. मी येते संगं."

भिवराबाईने तांब्या एका दमात संपवला.

"घरच्यांना काय सांगू?"

"सांग, छबूला दवाखान्यात न्यायचंय. कुणी बी मानंल," छबुबाई म्हणाली. "पर ते नाव गावात काढू नको. तुझ्याकडं तर एकच टिपाड हाय."