पाच नंबरचा गहू, नऊ नंबरचे तांदूळ

गुणवंत खोपकरांनी सिल्व्हर पार्कमधली चालती पिठाची गिरणी विकत घेतली, तेव्हा गिरणीबरोबर धर्माजीही मिळाला. पंधरा वर्षं तोच ती चालवत होता. खोपकरांनी मात्र सव्वीस वर्षं फोर्टातल्या एका विमा कंपनीत आवक विभाग सांभाळलेला. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, कागद पुढे सरकवायचा. दोन हजार तीन साली कंपनीने त्यांनाच पुढे सरकवलं. व्हीआरएसचे जे काही मिळाले ते सगळे या गिरणीत घालून खोपकर मालक झाले. आता गिरणी चालली तर घर चालणार, इतका साधा हिशेब.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्या एक भयंकर गोष्ट लक्षात आली. सकाळी नऊला आलेला डबा संध्याकाळी पाचला मिळत होता आणि अकराला आलेला साडेअकराला!

"धर्माजी, हा अन्याय आहे."

"अन्याय नाय सायेब, रीत हाय," धर्माजी डबे इकडचे तिकडे करत म्हणाला. "आधी तांदूळ, मग गहू, मग ज्वारी-बाजरी. डाळ एकदम शेवटी."

हे असं का, ते त्याने सांगितलं नाही. पंधरा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि खोपकर कसले विचारतात! मालक ना ते!

गणपतीला पाच दिवस उरले आणि धर्माजी गावाला निघाला. "डाळ शेवटी, तेवढं ध्यानात ठेवा," असं एस्टीत चढेपर्यंत सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या दारात पितळेचे नंबरवाले बिल्ले लटकले. जो आधी येईल त्याचं दळण आधी. डाळ असो नाहीतर देव असो.

गिऱ्हाइकं खूश झाली. सगळ्यात खूश झाल्या अनसूयाबाई. या बाई ज्या गिरणीत जातील तिथे त्यांची अख्खी बिल्डिंग जायची, बावीस घरं. "चला, शिस्तीचा माणूस आला एकदाचा," असं म्हणून त्यांनी पाच नंबरचा बिल्ला घेऊन गहू ठेवले. मग घरी जाऊन मोदकांचे धुऊन वाळवलेले तांदूळ आणले, तेव्हा नऊ नंबर मिळाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या गिरणीत आल्या त्या तणतणतच.

"अहो खोपकर, पोळ्या पिवळ्या झाल्यात माझ्या! बेसनाचा वास मारतोय!"

"पण मावशी, नंबर बरोबर लागला होता ना?"

"नंबर खायचाय का मला?" म्हणून त्या गेल्या.

खोपकरांनी वही उघडली. सवयच ती. पाच नंबर अनसूयाबाईंचा गहू. चार नंबर त्यांच्याच बिल्डिंगमधल्या शैलाताईंची हरभऱ्याची डाळ. आत्ता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आधीच्या दळणाचं थोडं पीठ जात्यात राहतं आणि पुढच्याच्या डब्यात उतरतं! म्हणून धर्माजी डाळ शेवटी घेत होता. त्यांचं बोट हळूहळू खाली सरकलं. नऊ नंबर, अनसूयाबाईंचे तांदूळ. आठ नंबर, वरच्या मजल्यावरच्या बेनची बाजरी, दहा किलो.

"मेलो," खोपकर म्हणाले.

घरी बायकोने, गिरिजाताईंनी, सगळं ऐकून घेतलं. "उद्या बाईंचे मोदक राखाडी होणार," त्या म्हणाल्या.

"आणि परवापासून बावीस डबे बंद होणार. गिरिजा, आपण बुडालो गं."

"आपल्या मोदकांचं पीठ पांढरंशुभ्र आहे. धर्माजीने जायच्या आधीच काढून दिलंय."

"जायच्या आधी? का?"

"म्हणाला, वैनी, सायबांचा भरवसा नाय."

खोपकरांना राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी ते पीठ उचललं आणि अनसूयाबाईंचं दार वाजवलं. "मावशी, मोदकांचं पीठ अदलाबदल झालंय. हे तुमचं."

"नंबर असूनही?"

खोपकर खाली बघत नऊ नंबरचं पीठ घेऊन परत आले.

चतुर्थीला संध्याकाळी अनसूयाबाई शैलाताईंना घेऊन खोपकरांच्या गणपतीच्या दर्शनाला आल्या. देवापुढे एकवीस मोदक होते. कळ्या सुरेख, रंग मात्र सिमेंटचा.

"हे असे का?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"बाजरी, मावशी. पौष्टिक असते," खोपकर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, कान लाल झाले.

बाईंनी एकदा मोदकांकडे पाहिलं, एकदा गिरिजाताईंकडे. "हे माझं पीठ ना?"

"हो. चूक माझी होती. तुमच्या देवापुढे असले मोदक नकोत, म्हणून..." खोपकर म्हणाले.

अनसूयाबाईंनी एक मोदक उचलला, सावकाश खाल्ला, हात पुसला. "गूळ बरा आहे," एवढंच म्हणून निघून गेल्या. खोपकरांना त्या रात्री झोप लागली नाही.

चार दिवसांनी धर्माजी परतला. बिल्ले पाहिले आणि काढून खोक्यात टाकले. दहा वाजले तरी बावीस घरांपैकी एकाचाही डबा नव्हता. खोपकरांनी आशा सोडली, आणि तेवढ्यात अनसूयाबाई आल्या. मागे शैलाताई, त्यांच्या मागे डबे घेतलेली सगळी बिल्डिंग.

धर्माजीने बाईंचा डबा गव्हाच्या रांगेत ठेवला.

"तिथे नको रे. शैलाची डाळ कधी घेणार?"

"शेवटी. रीत हाय."

"मग माझा गहू तिच्या मागे लाव. त्या दिवशी मी पोळ्यांना नावं ठेवली खरी, पण आमच्या ह्यांनी दोन जास्त खाल्ल्या. काय गुणवंता, जमेल ना?"

"आमचाही डाळीमागेच!" मागून दोघीतिघी ओरडल्या.

धर्माजीने आ वासला. "सायेब, मी आठ दिस नव्हतो, तर ह्यो काय अन्याय!"

"अन्याय नाय, धर्माजी," खोपकर वहीत नोंद करत म्हणाले, "रीत हाय."