फोटोत खोली

बापू गोठोसकरांचे किस्से सांगून मी आयुष्यभर लोकांना हसवलं. पण एका फोटोच्या अलीकडे येऊन मी दर वेळी थांबायचो. आता तो फोटो ठाऊक असलेला मी एकटाच उरलोय, तेव्हा आज पुढचंही सांगतो.

ज्याचा फोटो काढायचा त्याच्यापुढे बापू काहीतरी आणून ठेवत. कुंडी, घागर, सायकल. काहीच मिळालं नाही तर स्वतःची छत्री. "फोटोत खोली पाहिजे!" हा त्यांचा धोशा. फाळणीनंतरचे दिवस, निम्मी डोंबिवली डोकं टेकायला खोली शोधत हिंडत होती. आमच्या चाळीतले टवाळ विचारत, "काय बापू, मिळाली का खोली? पागडी किती?"

बापू मुळीच हसत नसत. "अरे, कागद सपाट असतो. बघणाऱ्याला आत शिरायला उंबरठा नको? पुढे उंबरठा, मध्ये माणूस, मागे परसदार. नाहीतर माणूस भिंतीला पोस्टर चिकटवल्यासारखा दिसतो."

दिवसा ते एका कचेरीत नकाशे आखत आणि रविवारी घडीचा कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडत. फोटो फुकट काढून देत, म्हणून लोक बोलावत आणि मग पस्तावत. वाचनालयाच्या वार्षिक फोटोत त्यांनी अध्यक्षांच्या पुढ्यात सायकल उभी केली. "गोठोसकर, अध्यक्ष मी आहे की सायकल?" असं अध्यक्षांनी भर सभेत विचारलं. बापू शांतपणे म्हणाले, "सायकलमुळे तुम्ही लांब वाटता. मोठी माणसं लांबच बरी." शेजारच्या कुसुमचा दाखवायचा फोटो त्यांनी तुळशीआडून काढला. मुलाकडून निरोप आला, "तुळस पसंत आहे. मुलगी दिसली की कळवू."

माझ्या लग्नाचे फोटोही त्यांनीच काढले. लग्नानंतर घरी लक्ष्मीपूजन होतं. आम्ही दोघं पाटावर, भोवती नातेवाईक, मागे उघड्या दारात गॅलरीतली पोरं. माझी आत्या तेवढी स्वयंपाकघरात. आई गेल्यावर मला खडवलीला नेऊन तिनेच वाढवलं. पण ती विधवा. मंगलकार्यात तिने पुढे यायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. आतल्या अंधारात उंबरठ्यापाशी बसून ती माझ्याकडे बघत होती. बापू कॅमेरा घेऊन तिच्या मागे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, त्यांना उजेड जमत नसेल.

आठवड्याने बापू फोटो घेऊन आले. पुढे मोठी, काळसर, धूसर अशी एक पाठ आणि डोक्यावरचा पदर. पलीकडे उजेडात आम्ही.

कल्याणचे काका कडाडले, "नवरानवरीच्या पुढ्यात हे कोण? अपशकुन नुसता!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत भांड्यांचा आवाज थांबला. आत्या अजून आमच्याकडेच होती. मी कात्री घेतली आणि फोटोचा पुढचा भाग कापून टाकला. वर बापूंना म्हणालो, "साधा फोटो काढता येत नसेल तर विकून टाका तो कॅमेरा."

बापूंनी खाली पडलेला तुकडा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि खिशात ठेवला. "असू दे," म्हणाले. "उंबरठा आहे तो."

आत्या दुसऱ्या दिवशी खडवलीला निघून गेली. पुढे तिथेच वारली. घरभर शोधलं, तिचा एकही फोटो निघाला नाही. मग एका संध्याकाळी बापूंकडे गेलो. 'माफ करा' एवढे दोनच शब्द जिना चढताना घोकत होतो.

बापू एकटेच राहत. मी दिवा लागल्यावर पाहिलं, भिंतीवर तोच फोटो, न कापलेला, मोठा करून लावलेला. त्या पाठीवर बसून मी लहानपणी खडवलीची नदी ओलांडली होती. चेहरा दिसायची गरजच नव्हती.

"आत्याबाई विचारत होत्या, 'मी दिसत नाही ना हो त्यात?'" बापू म्हणाले. "मी म्हटलं, हलू नका फक्त. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल."

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "बापू, फोटोत खोली छान आलीय."

"आज दिसली होय?" असं म्हणत ते चहा टाकायला उठले. माझ्यासमोरच्या स्टुलावर त्यांनी एक तांब्या आणून ठेवला. सवयीने असेल.

चहा झाला. निघालो. अर्धा जिना उतरून परत वर गेलो. ते दारातच उभे होते.

"काय रे, काय राहिलं?"

"छत्री," मी म्हणालो. "छत्री विसरलो."



"श्रीधर," ते हळूच म्हणाले, "ती तुझ्या हातात आहे."