आत्याची नाडी

मेंदू आणि भावना या विषयात वीस वर्षं घालवलेला माणूस आहे मी! समोरचा घाबरलाय की नाही, हे त्याच्याआधी मला कळतं. त्यामुळे पाहणी समिती आली तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. प्रयोगशाळा चालू ठेवायची की महिनाअखेर तिला कुलूप लावायचं, हे समिती त्याच दिवशी ठरवणार होती.

दाखवायचं एवढंच होतं, की भेदरलेल्या माणसाशी गोड बोललं की त्याची नाडी उतरते. ठरलेला माणूस ऐनवेळी तापाने आडवा झाला. मग माझा डबा घेऊन आलेल्या आत्यालाच मनगटाला नाडी मोजायचा पट्टा बांधून खुर्चीत बसवलं. पडद्यावर आकडा उमटला, एकशे दहा!

"पाहिलंत? वरून शांत, आतून थरथर!" मी समितीला म्हणालो.

"अरे, मी मजेत आहे," आत्या म्हणाली.

"घाबरू नकोस हं, माझी गुणाची आत्या!"

एकशे पंचवीस!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या गोड बोलण्याने वाढतेय की ही!"

"आत्या, शांत हो. शांत हो म्हणतोय ना!" मी ओरडलोच.

एकशे चाळीस! एका सभासदाने पाणी आणलं, दुसऱ्याने अँब्युलन्सला फोन लावला. सगळ्यांनी मिळून आत्याला कोचावर आडवं केलं आणि तिच्या पायाखाली माझे वीस वर्षांचे अहवाल रचले. कोच चांगला मऊ होता. दोन मिनिटांत आत्या घोरू लागली.

आकडा एकशे साठ!

"घोरतायत, आणि नाडी एकशे साठ?" अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या.

आमच्या तंत्रज्ञबाईंनी हळूच माझ्या शर्टाची बाही वर सरकवली. आत दुसरा पट्टा! सकाळी यंत्र तपासायला मीच तो बांधला होता, आणि पडद्याला तोच जोडलेला राहिला होता. एवढा वेळ सगळे माझीच नाडी बघत होते. मेलो! एकशे सत्तर! आता कुलूप लागलंच म्हणून समजा.

गलक्याने आत्या जागी झाली. "काय रे हा गोंधळ? बस बघू खाली, मेल्या! बावळटासारखा उभा काय राहिलायस?"

मी बसलो. एकशे तीस... शंभर... ऐंशी! समिती पडद्याकडे बघतच राहिली.

मुदतवाढ मिळाली हो, चांगली दोन वर्षांची! फक्त अध्यक्षबाईंनी शेरा मारला, की यापुढचं संशोधन आत्याबाईंच्या पद्धतीवर व्हावं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी त्या खुर्चीत बसतो आणि आत्या मला अर्धा तास झापते. सांगायला लाज वाटते, पण हल्ली भूक फार छान लागते!