सासऱ्यांच्या रजईतली भाजी

आमच्या ऑफिसात हवामानबदलावर व्याख्यान झालं आणि मी पृथ्वी वाचवायचं ठरवलं. (तासभर झोप काढल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत जाग आली, की माणूस अपराधीपणापोटी काहीही ठरवतो.) त्या पाच मिनिटांत वक्त्या बाई सांगत होत्या, की जगातल्या सरकारांनी करायचं ते करावंच, पण आपणही घरचं इंधन वाचवावं. भाजीला उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि पातेलं जाड पांघरुणात गुंडाळून ठेवायचं. चार तासांत भाजी आपोआप शिजते. मला ही कल्पना फारच पटली, कारण त्यात मला काही करायचं नव्हतं.

दिवस मात्र मी चुकीचा निवडला. सासरे दोन दिवसांसाठी आले होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते आणि त्यांनी कायमचं आमच्याकडे यावं म्हणून बायको वर्षभर विनवण्या करत होती. ते दाद देत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत निघणार होते. बायको नर्स आहे. ड्यूटीला जाताना ती दारात थांबली.

"आज जेवताना मी बाबांना शेवटचं विचारणार आहे. काहीतरी साधं, गरम करून ठेवा. एवढंच करा."

"तू काळजीच करू नकोस."

लग्नाला चौदा वर्षं झाल्यामुळे ती काळजी करतच गेली.

तीन वाजता मी वाटाणे-बटाट्याला सणसणीत उकळी आणली, गॅस बंद केला आणि पातेलं दोन टॉवेलांत घट्ट बांधलं. घरातली सगळ्यात जाड रजई सासऱ्यांच्या पलंगावर होती आणि ते फिरायला गेले होते. मी ते गाठोडं रजईत नीट गुंडाळून पायथ्याशी ठेवलं आणि कृतार्थ मनाने सोफ्यावर आडवा झालो.

जाग आली ती सासऱ्यांच्या हाकेने. ते गळ्यापर्यंत रजई ओढून पडले होते. पाय भाजीवर होते.

"जावईबापू, जरा बसा इथे."

मी बसलो.

"थंडीत माझे पाय गार पडतात. पोरीची आई होती तोवर पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायची. तुम्ही न सांगता ठेवलीत."

त्यांनी रजईच्या टोकाने डोळे टिपले. चौदा वर्षांत ते माझ्याशी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. अशा वेळी 'ती भाजी आहे' असं कोण सांगेल? "त्यात काय एवढं," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, मलाही गलबलून आलं. (फुकटच्या कौतुकानेही डोळे तेवढेच भरतात.)

सात वाजता बायको आली.

"वाढायला घेऊ?"

"बाबा उठले की."

"ते उठतील सावकाश. तोवर भाजी गरम करते."

"बाबा उठल्याशिवाय भाजी मिळणार नाही."

"का? भाजी बाबांकडे आहे?"

"पायाशी आहे."

बायको माझ्याकडे बघत राहिली. वॉर्डात ती पेशंटकडे असंच बघत असणार.

तेवढ्यात आमचं बोलणं ऐकून सासरेच गाठोडं हातात घेऊन बाहेर आले. ओट्यावर ठेवून त्यांनी ते सोडलं, झाकण काढलं. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय. त्यांना नुसतं बघूनच कळलं असेल, तरी त्यांनी एक वाटाणा दाताखाली धरला. कडकन आवाज झाला.

मी सगळं कबूल केलं. व्याख्यान, पृथ्वी, रजई. पिशवीचं सांगताना मला मान वर करवेना. बायकोचा चेहरा पार उतरला. आता उद्याची गाडी काही चुकत नाही, हे तिच्याइतकंच मलाही कळलं.

"पद्धत बरोबर आहे," सासरे म्हणाले. "इंधनाची टंचाई होती तेव्हा आम्ही दोनशे माणसांचा भात भुशाच्या पेटीत शिजवायचो."

"म्हणजे तुमचे पाय मध्ये आले म्हणूनच..." मला जरा आशा वाटली.

"वाटाणे भिजवले होते का?"

"भिजवायचे असतात?"

 त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कुकर लावला. चार शिट्ट्या झाल्या. मग ते पाठमोरेच म्हणाले, "बाळ, माझं उद्याचं तिकीट रद्द कर."

"राहताय, बाबा?"

"राहतो. यांच्या हाती तुला उपाशी सोडून जाववत नाही."

बायको नळ सोडून धुतलेलाच ग्लास पुन्हा पुन्हा धुवत राहिली. (एरवी मी नळ बंद केला असता.) त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचे, त्या वाटाण्यांचे आणि व्याख्यानवाल्या बाईंचे किती आभार मानू असं झालं. जेवताना सासऱ्यांनी स्वतः माझ्या ताटात भाजी वाढली आणि हळूच म्हणाले, "पाय मात्र छान गरम झाले होते." आता रोज मी त्यांच्या पायाशी खरी पिशवी ठेवतो.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला जरा ऐटीतच म्हणालो, "बघ, बाबांचं घर बंद. म्हणजे तिथला गॅस, हीटर, फ्रिज सगळं बंद. एका भाजीत मी अख्ख्या घराचं इंधन वाचवलं."

"त्यांचा फ्रिज रविवारी इकडे येतोय," ती म्हणाली. "तुम्ही केलेलं फार उरत असणार, असं बाबा म्हणाले."

फ्रिज आला. रविवारी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असते. वरची बाजू दोन हमालांनी धरली, खालची मी, आणि चौथ्या मजल्यापर्यंत सासरे मागून "सावकाश, जावईबापू" म्हणत राहिले. वीज वाचवण्यासाठी दर रविवारी लिफ्ट बंद ठेवावी, हा अर्ज तळमजल्यावर काचेच्या सूचनाफलकात लावलेला आहे. दमलेल्या हमालांनी खाली उतरल्यावर तो मोठ्याने वाचला, सहीसकट. सही माझी आहे.