तोफगोळ्याची उत्तरपूजा

चाचणीसाठी ठेवलेला तोफगोळा सकाळी पाहिला मात्र, देवरामनं कपाळावर हात मारला. गोळ्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ! परवा खंडेनवमीला कामगारांनी यंत्रांसोबत त्यालाही पुजून टाकलं होतं.

एकलहऱ्यापलीकडच्या त्या कारखान्यात देवराम सुरक्षा अधिकारी. माणूस नियमांचा इतका कट्टर, की उदबत्तीचा रिकामा पुडा दिसला तरी नोटीस काढायचा. आणि आज पुण्याहून चैताली मॅडम तपासणीला येणार होत्या. गोळा बारा मीटरवरून खाली टाकायचा, तो फुटला नाही तर प्रमाणपत्र. "ते मिळालं नाही, तर उद्यापासून घरी बसा," असं मालकांनी बजावलंच होतं.

"दिवा लावला होता का रे?" त्यानं क्रेनवाल्या झिपरूला विचारलं.

"नाय साहेब, तुमच्या भ्यावानं मोबाईलची बॅटरी ओवाळली."

मोबाईलला तर तिथं दिव्याहून कडक बंदी होती. देवरामनं क्रेनकडे बोट केलं.

"बरं, चढव वर."

"पुजलेला देव आपटू? लय पाप लागंल. अजून उत्तरपूजा नाय झाली त्याची!"

तेवढ्यात मॅडम आल्या. देवरामनं सगळं रडगाणं ऐकवलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"मग करून टाका ना उत्तरपूजा. चारला माझी गाडी आहे."

"पण मॅडम, नियमात..."

"नियमात मनाई आहे?"

देवरामनं जाडजूड पुस्तक उलटंपालटं केलं. गोळा पडला तर काय, तापला तर काय, भिजला तर काय, सगळं होतं. पूजेबद्दल चकार शब्द नव्हता!

"करणार कोण?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच की," झिपरू म्हणाला. "भरल्या गोळ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय, तुमचीच नोटीस हाय."

झालं! हेल्मेट घातलेल्या देवरामनं गोळ्यावर अक्षता टाकल्या, तो जरासा हलवला आणि "पुनरागमनाय च" म्हणून त्या तोफगोळ्याला पुन्हा यायचं आमंत्रणही दिलं. मॅडम सगळं लिहून घेत होत्या.

मग झिपरूनं गोळा क्रेननं वर चढवला आणि सगळे भिंतीआड गेले. झिपरूनं आडूनच कळ दाबली आणि गोळा धप्पकन पडला. फुटला नाही! नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून मॅडमनी प्रमाणपत्रावर सही केली. देवरामला अक्षरशः रडू फुटलं.

मॅडम गेल्यावर त्यानं कागद उलटला. मागे लिहिलं होतं: "यशस्वी चाचणीची कार्यपद्धती यापुढे तंतोतंत पाळावी. टप्पा पहिला: हळदकुंकू व माळ. टप्पा दुसरा: उत्तरपूजा, सुरक्षा अधिकाऱ्याच्या हस्ते."

देवराम मटकन खुर्चीत बसला. झिपरू अदबीनं पुढे आला.

"साहेब, सोमवारी सहा गोळे हायेत. झेंडू किती आणू?"